सत्तावीस नंबरचा ठसा

दुकानाच्या नावावर जाऊ नका, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. लोक येतात, माझ्या गॅरेजच्या दारात सायकल उभी करतात, हँडलखालची पितळी पाटी रुमालाने पुसतात आणि म्हणतात, "लिडाबाई, ही लॅनिंगची सायकल आहे." अहो, लॅनिंग म्हणजे दुकान! चार मजली. तिथं गाद्या मिळायच्या, बूट मिळायचे, नवरीचे झगे मिळायचे. त्यांनी जन्मात एक सायकल बनवली नाही. कारखान्यातून घ्यायच्या, आपल्या नावाची पाटी ठोकायची, की झाली लॅनिंगची. पाटीवरचं नाव हे सासरचं नाव. माहेर कळायला सायकल उलटी करावी लागते.

ते माहेर मी सांगते. पोर्ट हॅडलीच्या सायकल कारखान्यात, रंगखात्यात, एकतीस वर्षं काढलीत मी. अठ्ठ्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाहेर पडलेल्या शेवटच्या बाप्यांत मी एकटी बाई होते. पाटीची भोकं वरखाली की आडवी, मागचा एक्सल बसतो ती खाच कशी कापलीय, मडगार्डची घडी कशी, हे तर कुणीही शिकेल. रंग मात्र मी नुसता बोट फिरवून सांगते. ओहायोत आणि मिशिगनात जुन्या सायकली जमवणारे जेवढे म्हणून खुळे आहेत, तेवढे सगळे एकदा तरी माझ्या दारात येऊन गेलेत.

ब्याण्णवच्या एप्रिलात डेल रकमन आला. हा टोलेडोचा, चाळिशीतला, दात काढायचा डॉक्टर. दर महिन्याला काहीतरी भंगार घेऊन यायचा, ते कुठल्या कारखान्याचं यावर पैज लावायचा आणि दर महिन्याला हरायचा. त्या दिवशी गाडीच्या टपावरून त्याने एक किरमिजी सायकल उतरवली. पुरुषांची, जाड टायरची, पेट्रोलच्या टाकीसारखी खोटी टाकी असलेली.

"शिकागोची," तो म्हणाला. "या खेपेला पैज लावतो."

"नको लावू. मागची अजून दिली नाहीस."

मी खाली वाकले. भोकं आडवी. खाच पुढून कापलेली. टाकीच्या कडेला दुहेरी घडी. मला हसूच आलं.

"आमचीच आहे रे बाबा. पोर्ट हॅडली. आणि साल त्रेपन्न. नोव्हेंबर, नाहीतर डिसेंबर."

"महिनासुद्धा? काहीतरीच!"

"हा ओघळ बघ. हा इथं, आणि हा इथं. आमच्या बायकांच्या हातून असा रंग ओघळला असता तर मुकादमाने फ्रेम डोक्यात घातली असती. त्या दोन महिन्यांत रंगखात्यात बाई नव्हतीच. संप होता. बाहेरून आणलेले संपफोडे रंग फासत होते. कुठं मिळाली तुला?"

"युनियनचा हॉल पाडतायत ना, तिथल्या लिलावात. छताला टांगली होती, कधीची कोण जाणे. खाली एक फळी होती, आकडा लिहिलेली. ती दिली टाकून."

माझा हात सायकलवरच राहिला. त्या हॉलमध्ये मी अडतीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. वर्गणी दिली, मोर्च्यात चालले, पण त्या दारातून आत गेले नाही. आत काय टांगलंय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"उलटी कर," मी म्हणाले.

"का? काय झालं?"

"उलटी कर म्हणते ना!"

त्याने सायकल हँडलवर आणि सीटवर उलटी टेकवली. पेडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या पोटावर धुळीचा थर होता. मी अंगठ्याने तो पुसला. सत्तावीस. तो माझ्या बापाचा नंबर होता.

आता हे नंबराचं प्रकरण सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फ्रेमच्या नळ्या एकमेकींना पितळ वितळवून झाळतात. झाळकाम करणाऱ्या प्रत्येकाला कारखान्याने एक पोलादी ठसा दिलेला असायचा, त्यावर त्याचा नंबर. फ्रेम झाळून झाली, निवली, की त्या नळीच्या पोटावर हातोडीने ठसा मारायचा आणि फ्रेम पुढे ढकलायची. पुढं कधी झाळ उसवली तर कुणाची मान धरायची ते कळावं म्हणून. माझा बाप ओंद्रेय ह्रुश्का, नंबर सत्तावीस. त्याच्या झाळीवरून बोट फिरवलं तर सांधा लागायचा नाही. दोन घोट पोटात गेले की तो म्हणायचा, "माझा सत्तावीस नरकात पडला तरी उसवायचा नाही." आई म्हणायची, "आधी कोटाच्या कोपराची भोकं शिव, मग नरकाचं बघू."

संपाला बाहेर पडताना झाळवाल्यांची एक रीत होती. गेटबाहेर चरबीचा एक रिकामा डबा ठेवायचे. जो तो आपला ठसा त्यात टाकून पुढे जायचा, म्हणजे कारखान्याला दुसऱ्याच्या हातून त्याच्या नावाची फ्रेम काढता येऊ नये. त्रेपन्नच्या ऑक्टोबरमध्ये चव्वेचाळीस ठसे डब्यात पडले. डबा युनियनच्या झाळखात्यातल्या पुढाऱ्याकडे, म्हणजे मातेय कोपेत्सकडे. कोपेत्स बाबांचा जिवलग. दोघं एकाच बोटीने आले होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी मला हातावर धरून उभा राहिलेला धर्मबाप तोच. मी त्याला काका म्हणायचे.

तो संप म्हणजे नुसती कापाकापी होती. मालकाने क्लीव्हलँडहून दंडुकेवाले आणले. त्यांनी गेटवर एका म्हाताऱ्याचा जबडा असा फोडला की तो मरेपर्यंत नळीने जेवला. आमच्या माणसांनी संपफोड्यांचा ट्रक उलथवला, ड्रायव्हरला ओढून काढलं आणि तो हलायचा थांबेपर्यंत बुटांनी तुडवला. त्याचा एक डोळा गालावर लोंबत होता. शाळेतून येताना मी पाहिला. चौदा वर्षांची होते. घरी येऊन मी जेवले, कारण त्या दिवशी घरात जेवायला होतं. रस्त्यावरच्या बर्फात रक्त दिसलं तर बायका नुसता पाय उचलून पुढे जायच्या.

डिसेंबर लागला. सातव्या आठवड्याच्या सभेत बाबा उठले. बोलणारा माणूस नव्हे तो, पण उठला. "पोरं उपाशी आहेत," ते म्हणाले. "जे देतायत ते घेऊ आणि आत जाऊ. सगळे मेल्यावर युनियन कुणाची करणार?" टाळ्या पडल्या. थोड्याथोडक्या नव्हे, अर्ध्या हॉलमधून पडल्या. कोपेत्स पुढच्या खुर्चीत बसला होता. त्याने पाईप पेटवला.

पुढच्या शनिवारी लॅनिंगवाल्यांनी काचेत नव्या सायकली मांडल्या. नाताळचे दिवे लावून, कापसाचा बर्फ पसरून. संप चालू असताना! माणसांच्या डोक्यात तिडीकच गेली. भरदुपारी विटांनी काच फोडली. विक्रेत्याला केसांना धरून काचांवरून ओढत आणला, त्याचे गुडघे उघडे पडले. बारा सायकली उचलून हॉलच्या अंगणात नेल्या आणि कुलूप लावलं. किल्ली कोपेत्सकडे. "उद्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांदेखत बघू, कुणी बनवल्यात त्या," तो म्हणाला.

रविवारी सगळे झाळवाले, चाकवाले, त्यांची बायकापोरं अंगणात. एकेक सायकल उलटी केली. अकरा सायकलींवर झाळवाल्याचा ठसा नव्हता. संपफोड्यांकडे कुठला आलाय ठसा! बारावी उलटी केली आणि कोपेत्स थांबला.

"इथं आहे काहीतरी," तो म्हणाला. मग त्याने गर्दीत नजर फिरवली. "मी वाचलं तर म्हणाल, कोपेत्स खोटं बोलतो. लिडा, ये ग बाळ इकडे. तू तर ओंद्रेयची. तू वाच."

वर्गात मोठ्याने वाचायला बाई नेहमी मलाच उठवायच्या. मला त्याचा केवढा तोरा होता! मी पुढे गेले, वाकले. आकडा चांदीसारखा चकाकत होता. शेवटच्या ओळीतल्यालाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात मी वाचलं, "सत्तावीस!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. मग चव्वेचाळीस झाळवाल्यांपैकी त्रेचाळीस जण बाबांकडे वळले.

"मी आत गेलो नाही," बाबा म्हणाले. "देवाशप्पथ सांगतो, मी आत गेलो नाही. माझा ठसा डब्यात आहे! मातेय, सांग ना यांना, माझा ठसा डब्यात आहे!"

"आहे की," कोपेत्स म्हणाला. "डबा माझ्या पलंगाखाली आहे, कुणी हात लावलेला नाही. म्हणजे तू दुसरा पाडून घेतलास. परवा टाळ्या घेत होतास, तेव्हाच मला वास आला होता."

पहिला दगड कुणी मारला, ठाऊक नाही. तो बाबांच्या कानावर बसला. मग ते खाली आणि सगळे वर. बरगडी मोडल्याचा आवाज आईला गेटपाशी ऐकू आला. ती किंचाळत आली तर एकाने तिलाही कोपर मारलं, तिचे पुढचे दोन दात पडले. सेडलाक नावाचा एक दांडगा माणूस बाबांच्या पायांवर बसला. कोपेत्सने त्यांचा उजवा हात दगडी पायरीवर ओढला. फ्रेम सरळ करायचा घण त्याच्या हातात होता. पहिला घाव बोटांवर, दुसरा बोटांच्या मुळांवर, तिसरा मनगटावर. नाताळला अक्रोड फोडतात ना, तसा आवाज. बाबा घणाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

आणि मी काय केलं? आमच्या गावात म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, ठसा बोलणार नाही. मी त्यांच्या अंगावर थुंकले.

इस्पितळात बाबांनी सांगितलं, फ्रेम अंगावर पडली. पोलिसांना आपल्या माणसांचं नाव सांगतो तो संपफोड्या, आणि ते तर म्हणत होते मी तो नाही. संप पुढे नऊ दिवसांत मिटला. एकानेही तडजोडीसाठी तोंड उघडलं नाही, तेव्हा मालकच नमला. ती सायकल हॉलच्या छताला टांगली, खाली फळीवर सत्तावीस लिहिला. बाबांचा हात पुढे चमचाही धरेना. तीन हिवाळे ते खिडकीत बसून राहिले. मी ताट पुढे सरकवायची आणि निघून जायची. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही बाबा म्हटलं नाही. चौथ्या हिवाळ्यात ते गोठलेल्या तळ्यावर चालत गेले आणि बर्फ पातळ होता तिथंही थांबले नाहीत. मार्चमध्ये सापडले. आम्हाला पोसलं कोण? कोपेत्सने. दर शनिवारी बटाट्याचं पोतं, कोळसा, आईचे दात. मला रंगखात्यात चिकटवलं तेही त्यानेच. म्हणून त्याची बायको गेल्यापासून अकरा वर्षं दर शनिवारी मी त्याला आंबवलेल्या कोबीचं सूप नेऊन देत होते. उपकाराची परतफेड! थू माझ्या तोंडावर.

तर ब्याण्णवच्या त्या मंगळवारी मी गॅरेजात त्या सायकलीपुढं गुडघ्यावर बसले होते आणि अंगठा नळीवर फिरवत होते.

नळीच्या पोटावर दोन आकडे होते. एक लांबलचक, कारखान्याचा अनुक्रमांक, तो संपफोड्यांनीसुद्धा मारलेला. त्याच्या खाचांत रंग भरलेला, कडा गुळगुळीत. कोऱ्या लोखंडावर आधी आकडा मारतात, मग फ्रेम रंगात बुचकळतात, भट्टीत घालतात, त्यामुळे तसंच व्हायला हवं. त्याच्या शेजारी सत्तावीस. त्याच्या खाचांत रंगाचा कण नव्हता, नुसता गंज. कडेला रंगाचे टवके उडालेले, अंगठ्याला टोचणारे.

हा ठसा रंग वाळल्यानंतर मारलेला होता.

बाबा आत जाऊन झाळकाम करत असते तर त्यांचा ठसा रंगाखाली असता. रंगवलेली सायकल दुकानात जाते, झाळवाल्याच्या बाकावर परत येत नाही. दुकानातून ती हॉलच्या अंगणात आली. एक रात्र कुलपात राहिली. किल्ली एकाकडे, आणि डबाही त्याच्याचकडे.

मग त्या दिवशी चव्वेचाळीस झाळवाल्यांना दिसलं कसं नाही? मी सांगते कसं नाही. झाळवाल्याने आपला ठसा रंगलेला कधी पाहिलेलाच नसतो! त्याच्या बाकावर तो कोऱ्या लोखंडात असतो, चकाकता. अंगणात तो चकाकत होता आणि त्यांना वाटलं, बरोबर आहे. रंगखात्यातली कुठलीही बाई एका नजरेत म्हणाली असती, अरे मेल्यांनो, रंगलेल्या सायकलीवर आकडा चकाकेल कसा? आणि मी! मी स्वतः वाचला होता तो. चांदीसारखा चकाकत होता हे अडतीस वर्षं मला आठवत होतं, त्यातली एकतीस मी रोज रंगात हात घालत होते, आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मला ते आठवायचंच नव्हतं.

मी ओरडले. काय ओरडले ते डेलला विचारा. तो भिंतीला चिकटून उभा होता.

"ही सायकल मला दे," मी म्हणाले.

"लिडाबाई, मी आत्ताच तर..."

"दे म्हणते!"

त्याने दिली. भला माणूस. सायकल माझ्या गाडीत टाकायलाही हात लावला. बाकावरचा घण मी घेतला तेव्हा मात्र त्याने विचारलं, "तो कशाला?"

"सरळ करायला."

कोपेत्स तेव्हा ब्याऐंशीचा. तळ्याकाठच्या घरात एकटा, मोतीबिंदूने डोळे दुधाळ. दाराचा आवाज आला तसा स्वयंपाकघरातून म्हणाला, "लिडा? आज शनिवार का ग?"

"मंगळवार आहे."

मी सायकल ओढत आणली आणि त्याच्या टेबलावर उलटी घातली. कपबशी खाली पडून फुटली.

"हे काय आणलंस?"

"हात दे इकडे." मी त्याचा उजवा हात धरून नळीवर दाबला. "वाच."

म्हातारा तीस वर्षं झाळकाम केलेला. त्याची बोटं दोन आकड्यांवरून एकदाच फिरली. आधी लांबड्यावर, मग त्या शेजारच्यावर. टवक्यांवर बोट थांबलं. त्याने हात काढून घेतला नाही.

"मोठ्याने वाच की," मी म्हणाले. "मी वाचलं होतं."

"सत्तावीस," तो म्हणाला.

"का?"

त्याने हात मागे घेतला. मग खुर्चीत टेकून बसला आणि सरळ सांगितलं, जसं काही बागेत काय लावलंय ते सांगतोय. "संप फुटत होता, लिडा. अजून चार दिवसांत निम्मे आत गेले असते. एक कुणीतरी लागत होता. असा, की ज्याचं बघून बाकीच्यांची छाती होणार नाही. ओंद्रेय उठून बोलला. दुसरा कुणी बोलला असता तर दुसरा. आपण जिंकलो ना? तुझं पेन्शन त्याच संपाचं आहे."

"तो तुला भावासारखा होता!"

"म्हणून तर कुणाला शंका आली नाही."

तरी मी घण खालीच धरला होता. मला त्याचा हात नको होता. मला ते तोंड हवं होतं. "रविवारी चर्चच्या अंगणात चल," मी म्हणाले. "सात झाळवाले अजून जिवंत आहेत. त्यांच्यासमोर सांग. एवढंच. ओंद्रेय ह्रुश्का संपफोड्या नव्हता, इतकंच म्हण. मी तुला गाडीतून नेते, परत आणून सोडते, मरेपर्यंत सूप घालते."

"नाही," तो म्हणाला. "मी मातेय कोपेत्स म्हणून मरणार. आणि एक सांगू का बाळ? मी तर एक आकडा मारला. तो वाचलास तू. मी वाचला असता तर निम्म्यांनी मानला नसता."

मी त्याचा हात टेबलावर आपटला आणि घण घातला. बोटांवर. तेच अक्रोड. म्हातारा ओरडला नाही. त्याच्या नाकातून हवा गेली आणि डोळ्यांतून पाणी, बस. मग त्याने दुसऱ्या हाताने तो लोंबता हात उचलला आणि पुन्हा टेबलावर ठेवला, नीट पालथा.

"तीन होते," तो म्हणाला. "मोजून."

मी मोजून दिले. लपवून काय करू? थांबता आलं असतं, थांबले नाही. तिसऱ्या घावाला मनगटातून हाड बाहेर आलं आणि मी शनिवारी दिलेल्या सुपाच्या वाडग्यात रक्त उडालं. मग मीच फोन केला.

अँब्युलन्सबरोबर शेरीफचा माणूस आला. कोवळा होता, हाड बघून पांढरा पडला. त्याने विचारायच्या आत कोपेत्स म्हणाला, "सायकल दुरुस्त करत होतो. फ्रेम पडली हातावर." त्या माणसाने टेबलावरच्या सायकलीकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. स्ट्रेचरवरून नेताना कोपेत्सने माझ्या दिशेला मान वळवली. चेहरा राखेसारखा, पण ओठ हसत होते.

"फिटलं," तो म्हणाला.

फिटलं म्हणे! तेव्हा कळलं मला, काय करून बसले ते. तीन घाव घेऊन म्हातारा सुटला होता. तोंड उघडायची गरजच राहिली नव्हती त्याला. बाबांनी सांगितलं होतं तेच, फ्रेम पडली म्हणून सांगून तो वर मोठाही झाला होता. आणि ओंद्रेय ह्रुश्का होता तिथंच राहिला, छताला टांगलेला.

"खोटं बोलतोय तो," मी शेरीफच्या माणसाला म्हणाले. "मी मारलं. हा घण. लिहा. आणि का मारलं ते रविवारी चर्चपुढं सांगणार आहे. ऐकायचं तर या."

त्याने मला नेलं. कोपेत्स इस्पितळातून तक्रार द्यायला तयार होईना, तेव्हा शुक्रवारी तात्पुरतं सोडलं. पुढं काय व्हायचं ते होईल. कोर्टाने बोलावलं तर मी हेच सांगणार आहे, एक शब्द कमी करून नाही.

रविवारी चर्च सुटलं तेव्हा मी अंगणात सायकल उलटी करून उभी होते. बातमी आधीच फिरली होती. कुणी माझ्याजवळ येईना. म्हाताऱ्याचा हात मोडणारी बाई! सात झाळवाले एका बाजूला, काठ्या टेकत. त्यांत सेडलाकही होता, नव्वदीला आलेला. मी त्यांना बोलावलं नाही. मी रंगखात्यातल्या इरेना साबोला हाक मारली. माझ्या आधी पंधरा वर्षं लागलेली, मला काम शिकवणारी बाई.

"इरेनाबाई, जरा बघा हो. हे आकडे कधी मारलेत?"

तिने चष्मा लावला, वाकली, नखाने एकदा खरवडलं. तिला एक श्वाससुद्धा लागला नाही. "हा लांबडा रंगाआधी. हा सत्तावीस रंग वाळल्यावर. कुठल्या गाढवाने मारलाय?" आणि मग तिने काय म्हटलं ते तिलाच कळलं. तिने हात तोंडावर नेला.

मी सांगितलं. किल्लीचं, डब्याचं, सगळं. सेडलाक पुढे आला. त्याने काठी बगलेत धरली आणि बोट नळीवर फिरवलं. मग दुसऱ्यांदा फिरवलं. अडतीस वर्षांपूर्वी हाच माझ्या बापाच्या पायांवर बसला होता.

"मग तेव्हा का नाही बोललात?" तो इरेनावर खेकसला. "तुम्हा बायकांना दिसत होतं तर तेव्हा का नाही बोललात?"

"हॉलच्या मागे होतो आम्ही," इरेना म्हणाली. "दोनशे माणसांचं सूप ढवळत. कुणी बोलावलं होतं आम्हाला बघायला?"

सेडलाकने टोपी काढली आणि इकडे तिकडे बघितलं, कुणापुढं काढायची ते त्याला कळेना. मग तो माझ्याकडे वळला, जणू आता मीच त्याला सोडवणार होते.

"मला बोलावलं होतं," मी म्हणाले. "आणि मी वाचलं."